दांडीवाला सेमफ्लेक्स

सेंत-एत्येन शहरात जुन्या कॅमेऱ्यांच्या नादी लागलेली मंडळी काही कमी नाहीत, पण दोन भिंगांचा फ्रेंच कॅमेरा ओळखण्यात गिस्लेनचा हात धरणारं कुणी नव्हतं. रविवारच्या जुन्या बाजारात ती नुसता शटरचा आवाज ऐकून साल सांगायची, आणि कुणी वाद घातलाच तर चारचौघांत त्याला तोंडघशी पाडायची.

तिच्या कपाटात असले तेवीस सेमफ्लेक्स कॅमेरे होते. हवा होता तो एक मात्र मिळत नव्हता. तिचे वडील खेडोपाडी लग्नांचे फोटो काढायचे. ती नऊ वर्षांची असताना ते गेले आणि आठवड्याभरात आईनं त्यांचा कॅमेरा विकून टाकला. तिला तो घरात बघवत नव्हता. त्याचा नंबर गिस्लेनला ठाऊक नव्हता. आठवत होती ती बाजूची दांडी, फिल्म पुढे सरकवायची. पप्पा ती तिला फिरवू द्यायचे. म्हणून चाळीस वर्षं तिनं दांडीवालेच गोळा केले. आपला हातात आला की कळेलच, अशी तिची खात्री होती. दांडीऐवजी फिरवायचं गोल बटण असलेल्या साध्या कॅमेऱ्यांना ती हिंग लावून विचारत नसे. घेतलेच तर सुट्या भागांसाठी.

यंदा वसंतात आई गेली. तिचं घर आवरून थोरला भाऊ तिएरी एका दुपारी जेवायला आला, तेव्हा गिस्लेन बटाट्याच्या किसाची, धिरड्यासारखी रापे तळत होती.

"घे, तुझ्या संग्रहालयाला," त्यानं पिवळं पडलेलं कार्ड पुढे केलं. "आईच्या शिवणाच्या डब्यात होतं."

कॅमेऱ्याचं हमीपत्र होतं ते. पप्पांचं नाव, नंबर, आणि खाली नमुना लिहिलेला : साधा, बटणाचा.

"हे चुकलंय. त्याला दांडी होती."

"दांडी कॉफीच्या गिरणीला होती गं! तूच फिरवायचीस. मला आई हातसुद्धा लावू द्यायची नाही."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीस?"

"तू विचारलंस कधी? कॅमेऱ्यातलं तुला कुणी काही सांगायची सोय आहे का? अगं, रापे करपतेय!"

"करपू दे."

तिनं वही काढली. हातातून गेलेल्या प्रत्येक कॅमेऱ्याचा नंबर तिच्याकडे लिहिलेला असे. तिला त्याचा केवढा अभिमान! अकरा वर्षांपूर्वीच्या पानावर तो नंबर सापडला, तिच्याच टपोऱ्या अक्षरात. बटणवाला. चामडं फाटलेलं. आरसा उत्तम. सुट्या भागांसाठी.

म्हणजे पप्पांचा कॅमेरा तिच्या टेबलावर येऊन गेला होता. तिनंच त्याचे स्क्रू काढले होते, समोरचं चित्र वरच्या काचेवर पाडणारा आरसा काढून घेतला होता आणि सांगाडा भंगारात दिला होता. हातात आला की कळेल म्हणे! ती खुर्चीत बसली आणि पोरीसारखी रडली. तिएरीनं गॅस बंद केला.

"आरसा कुठं बसवलास?" त्यानं विचारलं.

"यातल्याच एकात. कशात, ते लिहिलं नाही. त्या वर्षी आठ-दहांचे आरसे बदलले होते."

ती उठली. तिनं तेवीसच्या तेवीस कॅमेरे टेबलावर मांडले आणि एकेकाचं वरचं झाकण उघडत गेली.

"तिथं खिडकीपाशी उभा राहा."

"मी? कशाला?"

"यातल्या एका आरशात पप्पा आपल्याला बघायचे. कुठल्या, ते आता कळायचं नाही. म्हणून सगळ्यांत बघते."

तिएरीनं पांढऱ्या केसांवरून हात फिरवला, सदरा खाली ओढला आणि खिडकीपाशी ताठ उभा राहिला. गिस्लेननं पहिला कॅमेरा पोटाशी धरला आणि मान खाली घातली.