ब्रीदरचा पाइप

मल्लिनाथने गाडीच्या इंजिनातून ब्रीदरचा जुना पाइप ओढला तसा तो हातातच तुटला आणि आतलं काळं तेल मनगटापर्यंत ओघळलं. बाजेवर टेकून बसलेल्या त्याच्या बायकोने, महादेवीने, फडकं त्याच्याकडे फेकलं. ते निम्म्या वाटेतच पडलं.

चूक त्याचीच होती. इंजिनात कोंडणारी वाफ या पाइपातून परत आत जाऊन जळावी, अशी त्या कारची रचना. पण एसटीच्या डेपोत एकतीस वर्षं पाने फिरवलेल्या माणसाला सांगणार कोण? मागच्या साली पाइप चिरला तेव्हा त्याने त्याचं तोंड जुन्या बससारखं खाली रस्त्याकडे सोडून दिलं. ते चिखलाने बुजलं, वाफ कोंडली, इंजिन जागोजाग तेल ओकू लागलं, आणि हे महाशय सील बदलत बसले. रोग रेड्याला अन् औषध पखालीला. सोमवारी नळेगावजवळ गाडीत धूर भरला आणि लातूरचं डायलिसिस चुकलं. बुधवारचंही गेलं. बसचे हिसके महादेवीला सोसत नव्हते. आज गुरुवार, तिचे पाय सुजून भोपळ्यासारखे झाले होते.

"झालं का वो?"

"होतंय. वॉल्व राहिलाय."

नवा वॉल्व त्याने तोंडाने फुंकून पाहिला. एका बाजूने हवा गेली, दुसऱ्या बाजूने नाही. मग नवा पाइप बसवून क्लिपा आवळल्या, गाडी चालू केली, तेलाचं झाकण काढलं आणि त्या तोंडावर वर्तमानपत्राचा तुकडा ठेवला. इंजिनाने तो चट्‌कन ओढून धरला; वाफ आता कोंडत नव्हती.

"बघ, बघ! कसा चिकटलाय!"

त्याला इतका आनंद झाला की तेलकट हातांनीच त्याने टाळी वाजवली. महादेवी कागदाकडे बघत नव्हती. सुयांनी गाठाळलेल्या डाव्या हातावर ती पदर ओढून घेत होती.

"म्हंजी उद्या जायाचं."

"जायाचं की. सातला निघू."

"मला वाटलं, गाडी ह्या डावाला न्हाई व्हायची."

"माझ्या हातावर इस्वास न्हाई व्हय तुझा?"

"इस्वास हाय म्हणून तर चार दिस देवाला सांगत राहिले, नगं होऊ दे म्हणून."

मल्लिनाथला राग आला. तिचा, गाडीचा, स्वतःचा. कुणाचा जास्त ते त्यालाही कळलं नाही.

"मरायचंय का तुला?"

"मरायचं न्हाई. जायाचं न्हाई." ती थांबून थांबून श्वास घेत होती. "दोन वरसं झाली. बास झालं वो आता."

तेवढ्यात फोन वाजला. हैदराबादहून दामिनी, त्यांची लेक, रोज याच वेळेला करायची.

"अप्पा, गाडी झाली का?"

"झाली बाई."

"मग उद्या अव्वाला नेताय ना? नक्की?"

महादेवी त्याच्याकडे बघत होती. तिने काही मागितलं नाही, हातही हलवला नाही.

"नेतो की," तो म्हणाला, आणि फोन ठेवून त्याने गाडी बंद केली.

मग त्याने साबण लावून कोपरापर्यंत हात धुतले आणि तो स्वयंपाकघरात गेला. डॉक्टरांनी दिवसाला बांधून दिलेलं पाणी तो दोन वर्षं छोट्या वाटीने मोजून तिला देत आला होता. ती भांडायची, कधी रडायची, पण त्याने एक घोट जास्त दिला नव्हता.

बाहेर येऊन त्याने काठोकाठ भरलेला तांब्या तिच्यापुढे धरला.