कुत्र्याने हुंगलेली कॉफी

शेजारच्या सरकारी मंत्रालयाला धोका आहे म्हणे, म्हणून बगदादच्या त्या गल्लीच्या तोंडाला दोन पुरुष उंचीच्या काँक्रीटच्या भिंती आल्या आणि मधे तपासणीचा नाका बसला. तेव्हापासून गल्लीत धोकाही फिरकला नाही आणि पाहुणाही. तिथेच राहणाऱ्या शाकिरची मुलगी नुहाद चौतिशीला आली. दोन स्थळं नाक्यावरूनच माघारी गेली होती.

आज तिसरं आलं. मुलाकडचे वडीलधारे मागणी घालायला भिंतीपर्यंत पोचले. शाकिरने त्यांची नावं नाक्यावर आधीच कळवली होती, पण सकाळी नवा हुकूम निघाला होता: बाहेरचं कुणी आत नाही. शाकिर पहाऱ्यावरच्या सज्जादच्या हातापाया पडला. सज्जाद म्हणाला, "काका, मला माझ्या बापालाही सोडता येणार नाही."

पाहुणे उन्हात ताटकळले. पाहुणे आत येत नाहीत, तर त्यांचा मान बाहेर नेऊ, असं शाकिरने ठरवलं. तिथली रीत अशी, की मागणी मान्य झाली की पाहुण्यांनी कॉफी प्यायची. कप तसाच राहिला तर बोलणी मोडली. नुहादने वेलदोडा घालून कॉफी उकळली आणि किटली नि कप बापाच्या हाती दिले. "बाबा, मी खिडकीत उभी आहे," एवढंच म्हणाली.

नाक्यावर स्फोटकं शोधणाऱ्या कुत्र्याने किटली हुंगली. त्याचं ओलं नाक तोटीला घासलं, आणि ते सगळ्या पाहुण्यांनी पाहिलं.

शाकिरने तरीही कप भरला आणि पाहुण्यांतल्या सगळ्यात वडील शेख मिझरपुढे धरला. "प्या, शेख. मुलगी तुमची झाली."

म्हातारा माणूस वाईट नव्हता. "शाकिर, तुझ्या घरात बसून विषसुद्धा प्यालो असतो," तो म्हणाला. "पण कुत्र्याने नाक लावलेलं नापाक, ते कसं पिऊ?"

"दुसरी करून आणतो."

"तीही याच नाक्यावरून येणार ना? आणि उद्या आमची माणसं तुझ्याकडे कशी येणार?"

शेखने भरलेला कप शाकिरच्या हातात परत ठेवला आणि पाहुणे गाड्यांकडे वळले.

परतताना सज्जादने अडवलं. पातळ काही आत न्यायचं तर आधी पिऊन दाखवायचं, नाहीतर ओतून टाकायचं, असा नियम होता. सांगताना बिचाऱ्याची नजर खाली होती.

पोरीने केलेली कॉफी रस्त्यावर ओतायला शाकिरचा हात धजेना. खिडकीत नुहाद उभी होती. त्याने शेखसाठी भरलेला तो कप स्वतःच्या तोंडाला लावला आणि तिच्या देखत शेवटच्या थेंबापर्यंत प्याला.

वर खिडकी बंद झाली.