माझा हुकलेला हिवाळा

मी सलगम बोलतोय. लाल, बुटका, जपानातल्या यामागाताच्या डोंगरातला. नाक मुरडू नका, दोन मिनिटं ऐका.

माझ्या जातीचं बी अख्ख्या वाडीत फक्त किनुए आजीकडे होतं. यंदा पेरून उरलेलं उंदरांनी फस्त केलं. म्हणून वाफ्यातल्या आम्हा तिघांना तिने बियाण्यासाठी राखलं, बाकीचे खाण्यात गेले. एक लांबोडका, एक फिकट आणि एक मी. बी एकच, तोंडं मात्र तीन तऱ्हांची!

"हा अगदी आमच्या ह्यांच्यासारखा, बसका नि हट्टी," मला थोपटत ती म्हणाली. "हाच टिकेल बघा!"

आम्हाला पुन्हा मातीत लावायचं, बर्फाखाली हिवाळा काढायचा, मग फुलून बी द्यायचं, अशी आमची रीत. फुलणं आईबापांनी पोटात घालूनच धाडलेलं असतं; पण त्याला आतून कडी असते, आणि ती थंडीच काढते.

दुसऱ्याच दिवशी आजीला झटका आला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. लेक सावाको तिला शहरात आपल्या घरी घेऊन गेली. आम्हालाही नेलं.

"आईने बियाण्यासाठी ठेवलेत. गारठून मरतील बिचारे," म्हणत तिने आम्हाला कुंडीत लावलं आणि कुंडी ठेवली हीटरशेजारी! पोरगी मायाळू हो, पण लहानपणीच गाव सुटलेलं.

आजी डाव्या हाताने कुंडी दाखवायची, मग खिडकी. पुन्हा कुंडी, पुन्हा खिडकी.

"वारा लागतोय होय गं आई? थांब." सावाको खिडकी घट्ट लावायची, हीटर वाढवायची, वर आणखी एक पांघरूण घालायची. आजी नुसती "अं, अं" करायची. मला तेवढंही जमत नव्हतं.

वसंत आला. आम्हाला पानंच पानं, फुलाचा दांडा काही येईना. सावाकोने जूनपर्यंत वाट पाहिली. तोवर आम्ही आतून पोकळ व्हायला लागलो होतो.

"वांझ निघाले गं आई. निदान तुला चव तरी मिळू दे." रडवेल्या तोंडाने तिने आम्हाला चिरलं, व्हिनेगरमध्ये मुरवलं आणि पहिला घास आजीला भरवला. आजीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

"ओळखलीस ना गावची चव!" सावाकोही रडली.

वांझ नव्हतो हो आम्ही! कुणीतरी सांगा तिला. आमच्यामागे आता कुणीच नाही.

उरलेल्या फोडींची बरणी तिने जपून फ्रीजमध्ये ठेवलीय. इथे छान थंडी आहे.