मनगट सरळ ठेवा

बटण होतं, बोटांना ते सापडत नव्हतं. पांढरं, चार भोकांचं, वाटाण्याएवढं. डोळ्यांना ते लाकोतच्या निळ्या सदऱ्यावर स्वच्छ दिसत होतं, त्यावर टेकलेला अंगठा आणि तर्जनीही दिसत होती, पण टेकल्याची खबर आत कुठे पोचत नव्हती – जणू दुसऱ्याच कुणाचे हात आपल्या मुलीला शाळेसाठी तयार करताहेत आणि आपण शेजारी उभ्या राहून बघतोय. बटण काजाच्या तोंडाशी जाई आणि निसटे. तिसऱ्या खेपेला लाकोतनं आईचा हात हळूच बाजूला केला.

"मी लावते. आठ वर्षांची आहे मी."

"मग आधी सांगायचं ना."

"रोज सांगते, आई."

रोज सांगते... म्हणजे पोरीच्या लक्षात आलं होतं. लान्येरोनं उजवा हात खाली सोडून जोरात झटकला, ओला हात झटकावा तसा. मुंग्या आल्या. मुंग्या आल्या की तिला जरा बरं वाटे. निदान काहीतरी येत होतं. गेल्या महिन्यापासून त्याही उशिरा येऊ लागल्या होत्या.

सुरुवातीला नुसतं दुखायचं. तेव्हा ती त्याला दुखणं म्हणत नसे, थकवा म्हणे. गुलू शहरातल्या त्या सिमेंट-पत्र्याच्या दुकानावरच्या मजल्यावर चाळीस जणं दिवसभर बसत आणि परक्या देशांतल्या रस्त्यांच्या चित्रांवर माउसनं रेघा ओढत – हा माणूस, हे झाड, ही बाबागाडी – म्हणजे कुठल्यातरी दूरच्या गाडीला, जिला चालक असणार नाही, माणूस कुठे संपतो आणि झाड कुठे सुरू होतं ते कळेल. पाच वर्षांत लान्येरोनं किती माणसांच्या कडा गिरवल्या असतील... बर्फातून चालणारी, छत्रीखालची, कुत्र्याला धरून उभी असलेली. त्यांच्या कोटांची बटणं तिला पाठ होती. मनगट टेबलाच्या धारेवर टेकलेलं असे आणि तिथे एक आडवा, काळपट वळ उमटला होता. तोही तिनं बांगडीचा वळ म्हणूनच खपवला होता.

आज मात्र ऑफिसात खुर्च्या भिंतीला लावलेल्या होत्या. मुकादम कोमाकेच दारातच ओरडला, "या, या, लाकोतच्या आई! आज काम नंतर. आज आपल्या हातांचं लग्न आहे, पाहुणी आलीये बघायला."

पाहुणी म्हणजे सरकारी दवाखान्यात व्यायाम शिकवणारी बाई, ओयेला. तिशीही न गाठलेली, ठेंगणी, आवाज खणखणीत. काम देणाऱ्या लोकांनी कळवलं होतं म्हणे, की कामगारांच्या हातांची काळजी घ्या, त्याचा कागद पाठवा.

"मनगट सरळ ठेवा," ओयेला सांगत होती. "वर मोडायचं नाही, खाली मोडायचं नाही. कोपर अंगाजवळ. टेबलाच्या कडेवर भार टाकायचा नाही. वीस मिनिटं झाली की हात सोडा, मूठ करा, उघडा, बोटं ताणा. दुखायला लागल्यावर नाही. दुखायच्या आधी. कळलं का? आधी."

आधी. लान्येरोला हसू आलं. तिची आई दगडावर तीळ वाटायची. गुडघ्यावर बसून, दोन्ही हातांनी, सगळ्या घराला पुरेल एवढे. आणि मध्येच थांबायची, कंबर सरळ करायची, बकऱ्या कुठे गेल्या ते बघून यायची. हात बोलला की थांबावं, म्हणायची. कुणी विचारलं तर 'तीळ कुठे पळून जातात का!' ...तीळ पळून जात नव्हते. इथे पडद्याच्या कोपऱ्यात एक आकडा असे, तो थांबलेल्या माणसासाठी थांबत नसे. बरोबरचे आज किती पुढे गेले तेही तोच दाखवी. महिनाअखेरीला ज्यांचा आकडा मागे, त्यांना 'विश्रांती' मिळे. विश्रांतीवर गेलेलं माणूस त्या मजल्यावर परत आलेलं अजून कुणी पाहिलं नव्हतं.

"आता तपासू या," ओयेला म्हणाली. "हाताच्या पाठी एकमेकींना लावा. असं. बोटं खाली. एक मिनिट."

चाळीस जणांनी उलटा नमस्कार केला. कुणीतरी खिदळलं. लान्येरोनं मनगटं मोडली आणि दहा आकडे मोजायच्या आत अंगठ्यात विजेची तार शिरली, तिथून तर्जनीत, तिथून मधल्या बोटात – तिनं ओठ मिटले, समोरच्या दिनदर्शिकेवरच्या जिराफाकडे बघत राहिली – वीस... जिराफाची मान... तीस... हा माणूस, हे झाड... आता आग दंडापर्यंत चढली होती आणि तरी तिचा चेहरा, तिला खात्री होती, बाजारात रांगेत उभ्या बाईसारखा कोरा होता. चाळीस. मी काही वाईट करत नाहीये. मी नुसती उभी आहे.

"झालं. कुणाला मुंग्या आल्या? हात वर करा, घाबरू नका."

कुणीच केला नाही. मग तिच्या डाव्या अंगाला काहीतरी हललं. आबेर. शेजारच्या खुर्चीवरची, चार महिन्यांपूर्वी लागलेली, वीस वर्षांची. जेवणात आपली रताळी लान्येरोला देऊन तिच्या डब्यातली मालाक्वांगच्या पाल्याची आंबट भाजी हक्कानं ओढून घेणारी. आबेरचा हात कमरेपासून सुटून वर निघाला होता, छातीपर्यंत आला होता, बोटं अर्धवट उघडलेली.

लान्येरोनं तो मनगटापाशी धरला आणि खाली ओढला.

इतक्या झटकन, की कुणाला दिसलं नाही. तिच्या आईनंही तिचा हात असाच धरला होता – विस्थापितांच्या छावणीत, लढाईच्या दिवसांत, ती लाकोतएवढी असताना. बंदुकवाला विचारत होता, रानात लपलेली बंडखोर माणसं कुणी पाहिली? शेजारच्या बाईनं हात वर केला होता. नेलं तिला. तीन दिवसांनी परत आली. बोलायची मात्र थांबली. आई नंतर म्हणाली होती, विचारणाऱ्याचा आवाज जितका गोड, तितका आपला हात खाली.

"छान!" कोमाकेच टाळ्या वाजवत म्हणाला. "चाळीसचे चाळीस ठणठणीत. लिहा, बाई, लिहा."

ओयेलानं लिहिलं नाही. जेवणाच्या सुट्टीत ती नळापाशी आली. लान्येरो डाव्या हातानं डबा धूत होती.

"ताई, उजवा हात बघू."

"कशाला? दाखवला की सगळ्यांबरोबर."

"तळवा दाखवा." तिनं तो आपणच उलटा केला. अंगठ्याखालच्या उंचवट्याच्या जागी खळगा पडला होता. ओयेलाचं बोट त्यात अलगद बसलं. मग तिनं तेच बोट तर्जनीच्या टोकाजवळ नेलं. "हे कळतंय?"

"कळतंय."

"मी अजून टेकवलं नव्हतं, ताई."

लान्येरोनं डाव्या हातानं नळ घट्ट बंद केला.

"व्यायामानं भरून येईल?" लान्येरोनं विचारलं.

"खोटं नाही सांगत. इथलं मांस गेलंय. आता मनगटापाशी कापून दबलेली नस मोकळी करतात. त्यानंही जे गेलं ते सगळं येईलच असं नाही. आहे ते वाचेल. पण आधी हे काम थांबायला हवं."

"थांबायला हवं," लान्येरोनं म्हटलं – जसं एखादी परक्या भाषेतला शब्द उच्चारून बघते.

"मी नावं देत नाही कुणाला," ओयेला जाता जाता म्हणाली. "पण तुमच्याशेजारची ती मुलगी... तिचं आत्ताच सांभाळलं तर काही होणार नाही. काहीसुद्धा. उंच खुर्ची, आलटून पालटून डावा हात, थोडी उसंत. महिनाभर. तुम्ही सांगाल तिला?"

दुपारी कोमाकेचनं तिच्या हातात पितळी घंटा दिली. "लाकोतच्या आईचं सगळी ऐकतात. दर तासाला वाजवायची आणि व्यायाम करून घ्यायचा. कागदावर तुझंच नाव घातलंय."

"आकडा थांबेल तेवढा वेळ?"

"आकडा कसा थांबेल? तो काय माझ्या खिशात आहे?"

दोन वाजता तिनं घंटा वाजवली आणि चाळीस जणं उठली, हसत, ढकलाढकली करत. मूठ करा. उघडा. ताणा. तिची स्वतःची मूठ पुरती मिटत नव्हती, पण हात उंच धरला की लांबून ते कळत नसे. तीन वाजता पंधरा जणं उठली. बाकीच्यांनी पडद्यावरची नजर न काढता नुसत्या माना हलवल्या. "घंटा वाजली, ताई, ऐकली आम्ही," मागून कुणीतरी म्हणालं. चार वाजता ती घंटा वाजवून उभी राहिली तेव्हा एकटी आबेर उठली. दोघींनी समोरासमोर मुठी केल्या, उघडल्या. आबेरची बोटं अजून गुबगुबीत होती, मिटताना त्यांच्या सांध्यांवर खळ्या पडत. आत्ता सांगावं. आत्ता... पण आबेरचे डोळे पडद्याच्या कोपऱ्याकडे गेले, आणि ती पुटपुटली, "सतरा मागे पडले मी," आणि बसली. मनगट टेबलाच्या धारेवर.

पाच वाजता जिना उतरताना लान्येरोनं तिला गाठलं. "तुला मुंग्या येतात?"

"थोड्या. सकाळी."

"सांग उद्या ओयेलाबाईंना. त्या आहेत दवाखान्यात. अजून काही झालेलं नाही तुला."

आबेर थांबली, तिच्याकडे बघून हसली. तिनं लान्येरोचा हात हातात घेतला – उजवाच घेतला – आणि दाबला असावा.

"नको गं, ताई. तू सकाळी ओढलास म्हणून वाचले मी. मी येडी, लगेच वर करायला निघाले होते. माझी आई तुला दुवा देईल."

आणि ती रस्ता ओलांडून गेली, मोटारसायकलवाल्याशी घासाघीस करत, त्याच्या मागे बसून हात हलवत. लान्येरो लाल धुळीच्या रस्त्याच्या कडेला उभी राहिली. दुवा. तिला सकाळचा तो क्षण पुन्हा नीट लावून बघायचा होता. आबेरचा हात वर निघालेला... ओयेलाची नजर त्या बाजूला वळू लागलेली... आणि त्या हाताला लागून पुढे कोण उभं? मी. नजर आधी आबेरवर, मग माझ्यावर आली असती. मी ओढला तेव्हा आबेरची नोकरी मनात नव्हती. छावणी नव्हती, आई नव्हती. आई नंतर आली. मीच बोलावली तिला, साक्षीला.

हे इतकं उघड होतं, की आता लाज वाटायला हवी होती. लान्येरो त्या लाजेची वाट बघत थांबली – समोरून दोन मोटारसायकली गेल्या, एक बाई डोक्यावर कसाव्याची टोपली घेऊन गेली, तिची कड आपोआप डोळ्यांनी गिरवली गेली, खांद्यापासून टाचेपर्यंत – लाज आली नाही. मग तिच्या ध्यानात आलं, आपण सकाळपासून एकदाही हात बरा व्हावा असं मनात आणलेलं नाही. फक्त उद्याही तो कुणाला दिसू नये, एवढंच.