बाटलीवर कोणाचा मोह

आमच्या गावच्या मोहफुलांची वाइन होते. कारखाना इंदुताईंचा, धान गिरणीच्या मागे. परवाना काचेत मढवून भिंतीवर टांगलेला. वाइन फक्कड, पण बाटली खोकल्याच्या औषधाची वाटावी. म्हणून ताईंनी चंद्रपूरच्या कॉलेजातली डिझाइन शिकणारी पोरं बोलावली. म्हणाल्या, "लेबल काढा. आवडलं त खरंच छापीन."

त्यातल्या निकेशने द्राक्षांचे घोस काढले आणि मागे एक विलायती महाल. ताईंनी विचारलं, "बाबू, हा महाल आपल्या कोनत्या तालुक्यात येते?" महाल तिथेच कोसळला.

दुसरी दिव्यानी, बल्लारपूरची. बाप जन्मभर तिथल्या कागद कारखान्यात कागद बनवतो, आणि पोरीला एकच हौस: त्या कागदावर एकदा आपलं काही छापून यावं. ती पहाटे फुलं वेचणाऱ्या टोपलीवाल्या बायांमागे रानात गेली आणि एका मोहाच्या झाडाचं चित्र काढून आणलं. वाकडं खोड, मधे गुडघ्यासारखी गाठ, खाली पिवळा सडा. चित्र भिंतीला लावलं तर दोन मधमाश्या येऊन बसल्या, अन् फसलो हे कळल्यावर रागाने निकेशला चावल्या. खोटं वाटत असेल तर त्याचा कान बघा.

ताई खूश. नमुन्याची बाटली गावाला दाखवायला ठेवली, अन् तिथेच घात झाला.

टोपलीवाल्या गिरजाबाईने बाटली निरखली, पदर सारखा केला. "हे त माह्यं झाड होय!"

आता आमच्याकडे रान सरकारचं असलं, तरी मोह घराण्याचा असतो. दुसऱ्याच्या झाडाखालचं फूल कोणी उचलत नाही. गिरजाबाईचं झाड बाटलीवर, म्हणजे साऱ्या गावची वाइन गिरजाबाईची!

देवाजी तापला. "काऊन ताई? आमी का गोटे देऊन राह्यलो तुमाले? फुलं आमची अन् फोटो हिच्या झाडाचा?"

"तुह्या झाडाले गाठ तरी हाय का, देवाजी?"

"माह्यं झाड सरळ हाय, बाई. तुह्यासारखं लंगडं नाई."

सांजेला गावाने ठरवलं: आपलं झाड नाही, तर फूल नाही. हंगाम ऐन भरात आणि ताईंच्या कारखान्यात टोपल्या पालथ्या.

ताई दिव्यानीला म्हणाल्या, "पोरी, फुलं नाई त वाइन नाई. मंग लेबल का माह्या कपाळावर डकवू? सकाळपर्यंत जमलं त जमलं, नाईतर मी आपलं साधं नावच छापते."

पोरीने गाठ पुसली, तर झाड देवाजीचं झालं. फांदी वाढवली, तर सरपंचाचं. जे काढावं ते कोणाचं तरी निघे. शेवटी रडवेली होऊन माझ्या ओट्यावर येऊन बसली.

"आबाजी, या रानात कोनाचंच नाई असं काईच नाई का?"

"हाय ना. अस्वल."

मी तिला खरं तेच सांगितलं. नदीपलीकडे गडचिरोली, तिकडे दारूबंदी. म्हणून तिकडची अस्वलं पहाटे पोहून इकडे येतात, साऱ्यांच्याच झाडाखाली जेवतात, आणि तोंडाचा वास जाईस्तोवर काठावर कडुनिंब चघळत बसतात. घरी अस्वलीण ओरडते ना!

पोरगी हसलीसुद्धा नाही. पेन्सिलीला टोक करायला लागली.

सकाळी गाव जमलं, पहाटे वेचलेल्या फुलांच्या टोपल्या काखेतच. नव्या लेबलावर झाड नव्हतंच. एक अस्वल, पाय फाकवून बसलेलं, पोट सुटलेलं, नाकाला एक फूल चिकटलेलं. दिव्यानी ओढणीचं टोक चावत उभी.

गिरजाबाई पुढे वाकली. "अवो, हे त माह्या झाडाखाली येते ते होय! मांगच्या साली माही टोपली यानंच फोडली."

"तुही टोपली?" देवाजीने धोतर वर केलं. "हे पाह्य माही मांडी. हा याचाच पंजा."

"तुले पंजा मारला, बापा. मले त नाल्यापर्यंत धाववलं," मागून कोणीतरी ओरडलं.

मग काय! अस्वलाने कोणाला जास्त पळवलं, यावर जे जुंपलं! भांडायला हात मोकळे हवेत, म्हणून एकेकाने काखेतली टोपली ताईंच्या चटईवर ओतली, आणि पुन्हा भांडायला उभा. चटई पिवळी झाली.

ताई दिव्यानीच्या कानाशी लागल्या. "जाय, छापाले टाक. यांचं भांडन मिटायच्या आत."

ती निघाली, तर देवाजी आडवा आला.

"थांब वो पोरी. याची नखं मोठी कर. माह्या जखमेच्या मानानं लयच बारीक हायेत."

दिव्यानी तिथेच मांडी घालून बसली. देवाजीने मांडी पुढे केली, नीट बघून काढ म्हणाला.