आपल्या मापाची सायकल

"खालून हातोडीचा आवाज यायचा थांबला ना, की एकदा जाऊन बघत जा," शेजारच्या बिऱ्हाडातली उल्का मालकाला द्यायची किल्ली नुपूरच्या हातावर ठेवत म्हणाली. "काका एकटे असतात. आणि कुणाला हाक मारणाऱ्यातले नाहीत ते."

कडेवरच्या कैवल्यने किल्लीवर झडप घातली. ती त्याच्या तोंडात जायच्या आत नुपूरने हिसकावली आणि हसली. "अगं बाई, हे दीड वर्षाचं ध्यान सांभाळताना मला जेवायचं भान राहत नाही. त्यात खालच्या काकांवर पहारा ठेवू?"

"पहारा नाही गं. नुसता कान ठेव."

उल्काच्या नवऱ्याचं कंत्राट संपलं होतं. सामानाची गाडी दारात उभी होती, संध्याकाळचं विमान होतं. मिठ्या मारून झाल्या, "यल्ला, पोचलीस की मेसेज टाक" झालं, आणि काकांचं बोलणं नुपूरच्या डोक्यातून त्याच दिवशी निघून गेलं.

आखातातल्या शहरात, अल अझीझिया भागातला तो जुना व्हिला. मालकाने मध्ये भिंती घालून त्याची बिऱ्हाडं केलेली. वरच्या मजल्यावर नुपूर, तिचा नवरा अमेय आणि कैवल्य. अमेय दोन आठवडे समुद्रातल्या तेलाच्या प्लॅटफॉर्मवर आणि दोन आठवडे घरी. तो नसताना नुपूरच्या तोंडून दिवसभरात निघणारी वाक्यं म्हणजे "थू कर", "पडशील", "आ कर". रात्री आईचा नाशिकहून व्हिडिओ कॉल आला की तिचा घसा खाकरल्याशिवाय मोकळा होत नसे.

खाली, गाड्यांच्या पत्र्याच्या शेडला लागून असलेल्या खोलीत श्रीपतीकाका राहत. मूळचे कराडकडचे. दुखानच्या तेलविहिरींवर पाइप जोडण्यात त्यांची उमेदीची सगळी वर्षं गेली. तिथेच एकदा पाइपांची चळत घसरली आणि उजवा गुडघा जो ताठ झाला तो कायमचा. मग एका गोदामात स्टोअरकीपरची नोकरी लागली. बायको गेलेली, मुलगी सांगलीला तिच्या संसारात.

शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, उजाडलं की खाली ठोकाठोक सुरू व्हायची. कैवल्यचे दात येत होते. तो रात्रभर किरकिरायचा आणि नेमका त्याच वेळी त्याचा डोळा लागायचा. एका शुक्रवारी नुपूर केस कसेबसे बांधून, रागाने खाली उतरली.

शेडमध्ये फरशीवर लोखंडी नळ्यांचा एक सांगाडा आडवा पडला होता.

"काका, हे काय चाललंय?"

"सायकल करतोय, ताई. मोटरची."

"तयार मिळते की! रस्त्याने किती जण फिरतात तसल्या घेऊन."

"मिळती की. पर तिच्यावर बसायला दोन्ही गुडघं वाकणारा माणूस लागतो." काकांनी हातातल्या कानशीने आपल्या मांडीवर टक्टक् केलं. "ह्यो बहाद्दर ना दांडीवरनं पलीकडं जातोय, ना प्याडल मारतोय. म्हणून दांडी पार खाली घेतलीया. ह्या अंगाला पाय ठेवायला खुंटी. एक पाय प्याडल मारंल, ऱ्हायलेलं मोटर बघंल."

"आणि जायचंय कुठे एवढं?"

"भाजीला!" काका हसले. "नायतर रोज शफीकपुढं तोंड वेंगाडायचं, भाई, छोडते क्या, म्हणून. त्यो बिचारा वॉचमन, ड्यूटी सोडून नेतो, न्हाई म्हणत न्हाई. पर आपल्यालाच नगं वाटतं."

नुपूरचा राग निम्मा उतरला होता. तरी ती म्हणाली, "काका, एक सांगू? हा रात्रभर जागतो आणि आत्ता कुठे झोपतो."

"आरं देवा! मग आदी न्हाई का सांगायचं? खलास. सकाळचं बंद." त्यांनी हातोडी खाली ठेवलीसुद्धा. "दुपारचं चालंल का?"

"दुपारी खुशाल करा. आम्ही खिडक्या लावून एसीत असतो, काही ऐकू येत नाही."

मार्च होता तेव्हा. दुपारीसुद्धा शेडमधून छान वारा वाहायचा.

पुढच्या शुक्रवारी कैवल्य शांत झोपला आणि नुपूर टक्क जागी राहिली. त्या ठोक्यांमुळे घरात आणखी कोणीतरी जागं आहे असं वाटायचं, हे तिला आता कळलं. पण आवाज बंद करा म्हणून सांगून आल्यावर, पुन्हा आवाज करा म्हणून कोणत्या तोंडाने सांगणार? त्यापेक्षा ती संध्याकाळी कैवल्यचा चेंडू घेऊन खाली जाऊ लागली.

असंच एकदा काका सांगाड्याला चाक लावून एक डोळा मिटून बघत होते. "पीळ पडलाय कुठंतरी. चाक तोंड फिरवून बसलंय. मापं तर बराबर हायती!"

कैवल्यने फेकलेला चेंडू त्यांच्या चपलेपाशी आला, क्षणभर रेंगाळला आणि मग आपसूक कोपऱ्यातल्या जाळीकडे घरंगळत गेला. नुपूर रोज त्या जाळीपर्यंत धावायची.

"काका, तुम्ही फ्रेम या फरशीवर ठेवून जोडलीत का? ही सपाट नाहीये. पाणी जायला उतार आहे तिला."

काकांनी फरशीकडे पाहिलं, चेंडूकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "आरं तिच्या! लेवल बघितल्याबिगर वेल्डिंगचा टाका मारू नगा म्हणून पोरांवर किती वरडलोय मी दुखानला. हितं माझ्यावर वरडायला कोण हाय?" मग ते कैवल्यपुढे वाकून म्हणाले, "काय इंजिनेरसायेब, पगार काय घेणार?"

"बॉल," इंजिनीअरसाहेब म्हणाले.

त्या दिवशी नुपूर पोटभर हसली. काकांनी सगळे जोड कापले, जाड प्लायवूड आणलं, खाली पाचरी मारून ते सपाट केलं आणि सांगाडा पुन्हा पहिल्यापासून जोडायला घेतला.

अमेयला फोनवर हे सांगितलं तर तो म्हणाला, "तू त्याला वेल्डिंगच्या शेडमध्ये नेतेस? डोळ्यात ठिणगी गेली म्हणजे?" झालं. तिच्या मनाला तेवढं पुरेसं होतं. ठिणगी, लोखंडाचा कीस, उघडी वायर, ती रात्रभर एकेक आठवत राहिली. मग जून आला, दाराची कडीसुद्धा चटका देऊ लागली, आणि खाली जाणं बंदच झालं.

जुलैतला शुक्रवार. अमेय समुद्रात. भर दुपारी नुपूर कैवल्यला वरणभात भरवत होती. स्वयंपाकघरातला पंखा बंद केला तेव्हा खालून बारीक घरघर ऐकू आली. तो आवाज तिच्या ओळखीचा होता. काका ड्रिल मशीन शिकंज्यात आवळून, त्याला तारेचा ब्रश लावून नळ्यांचा गंज काढत. नळी टेकली की आवाज दबायचा, उचलली की चढायचा. दबायचा, चढायचा.

आज तो दबतच नव्हता. एका पट्टीत, सरळ.

तिने आणखी एक घास भरवला. मग चमचा हातातच राहिला. आवाज थांबला की जा, असं उल्का म्हणाली होती. हा तर थांबायलाच तयार नव्हता.

आणि बाहेर ऊन काय होतं! उन्हाळ्यात भर दुपारी उघड्यावर काम करून घ्यायला या देशात कायद्याने बंदी. सगळे रस्ते ओस. आणि खाली पत्र्याच्या शेडमध्ये एक माणूस काम करत होता, कारण दुपारी खुशाल करा असं तिने त्याला सांगितलं होतं.

कैवल्यला त्या फुफाट्यात न्यायचं कसं? तिने त्याला कठड्याच्या पलंगात ठेवलं. त्याने टाहो फोडला. त्याला असं रडत टाकून ती पहिल्यांदाच दाराबाहेर पडली. चपला घालायचंही सुचलं नाही. जिना तव्यासारखा तापला होता.

ड्रिल एकटंच फिरत होतं. काका भिंतीला टेकून बसले होते, ताठ पाय समोर पसरलेला, डोळे अर्धवट उघडे. अंगाला हात लावला तर कातडी कोरडी, कढत.

"शफीकभाई! जल्दी आओ! शफीकभाई!" आपला आवाज एवढा मोठा निघू शकतो हे ती विसरली होती.

दोघांनी मिळून त्यांना ओढत खोलीत नेलं. नुपूरने रुग्णवाहिका बोलावली, चादर भिजवून अंगावर टाकली, ती परत परत भिजवत राहिली. वरून कैवल्यचं रडणं येत होतं. काकांचे ओठ हलले. तिने कान जवळ नेला.

"पोरगं उठलं काय? आवाज... लई झाला काय?"

"नाही काका," ती म्हणाली. "अजिबात नाही झाला."

उष्माघातातून काका वाचले. पण ते हॉस्पिटलातून परत यायच्या आत मालकाने शेडमधलं सामान उचलायला लावलं. इथे पुन्हा वेल्डिंग चालायचं नाही, म्हणाला. गोदामवाल्यांनीही ठरवलं की एकट्याने राहणं नको, शहराबाहेरच्या एशियन टाउन बाजाराच्या पलीकडे कामगारांच्या क्वार्टरमध्ये जागा देतो.

जायच्या आधीच्या आठवड्यात काकांनी खोलीतच पलंग भिंतीला उभा करून मोटर बसवली. एका संध्याकाळी नुपूरला खालून हाक आली. काकांनी कुणाला हाक मारलेली ती पहिल्यांदाच ऐकत होती. ती कैवल्यला घेऊन गॅलरीत आली. गल्लीत काका सायकलवर बसले होते. ताठ पाय खुंटीवर सरळ पुढे ठेवलेला, जणू त्यांना रस्ता दाखवणारा. मोटर गुणगुणली. सायकल नाकासमोर सरळ गेली, कोपऱ्यावर वळली आणि दिसेनाशी झाली.

नुपूर कठड्याला घट्ट धरून उभी राहिली. बऱ्याच वेळाने सायकल परतली. हँडलला पिशवी, पिशवीत गरम खुबूस रोट्या.

"घे," काका खालूनच म्हणाले. "कुणाला न इचारता आणलंय."

दुसऱ्या दिवशी गोदामाचा पिकअप आला. शफीकने सायकल मागे चढवली, दोरीने बांधली. "फोन करा काका," नुपूर म्हणाली. "इन्शाल्ला," काका म्हणाले. कधी न बोललेला तो शब्द त्यांच्या तोंडी तिला परका वाटला.

फोन तीच करायची. "कसे आहात?" "बरं हाय." "जेवण मिळतं नीट?" "बरं हाय की." "कोणी मराठी आहे का तिथे?" यावरही, "बरं हाय, पोरी. कैवल्य काय करतोय?" मग हळूहळू नुसती रिंग वाजायला लागली. आता नंबर लागतच नाही. अमेयची बदली दुखानला झाली. कंपनीच्या वसाहतीत बाग आहे, झोपाळे आहेत, पण शहर लांब आणि नुपूरला गाडी चालवता येत नाही. एका सुट्टीला अमेय तिला काकांच्या क्वार्टरकडे घेऊन गेला खरा. एकसारख्या इमारतींच्या रांगाच रांगा. फाटकावरच्या माणसाने खोलीचा नंबर विचारला. तो कुठे माहीत होता?

म्हणून नुपूरचं तुमच्याकडे एक मागणं आहे. तुमच्यापैकी कुणी सुट्टीचं एशियन टाउनला जात असेल, तर तिथल्या गर्दीत जरा नजर ठेवा. दांडी पार खाली घेतलेली, उजव्या अंगाला खुंटी असलेली सायकल. तशी दुसरी नसेल. जवळ साठीचा माणूस असेल, एक पाय ताठ. हाक मराठीतच मारा. कसं काय काका विचारलंत तर बरं हाय म्हणतील.

तेवढ्यावर निघू नका. त्यांच्यापाशी थोडा वेळ थांबा.