नवसाबाईचा डावा पाय

नवसाबाईने ठरवून टाकलं होतं, यंदा नव्या पाळकसाहेबांचा उघडा हात आपल्या पायाला लागलाच पाहिजे. म्हातारी एकदा हट्टाला पेटली की तिच्यापुढे देवही हात टेकतो, मग पाळक म्हणजे किस झाड की पत्ती!

कुष्ठरोग तिला होऊन गेला त्याला जमाना झाला. औषधाने रोग गेला, पण पायांतली जाणीव काही परत आली नाही. म्हणून नाशिकच्या कडेच्या त्या मिशनच्या वसाहतीत रोज सकाळचा रिवाज ठरलेला: सगळ्यांनी पाय पाण्यात भिजवायचे आणि आरशात तळवे न्याहाळायचे. काटा रुतला, चटका बसला, तर ते पायाला कळत नाही, डोळ्यांनीच बघावं लागतं.

गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी मात्र पाय पाळकांनी धुवायचे, येशूने शिष्यांचे धुतले तसे. नाताळात आलेले दिवाकर पाळक स्वभावाने गरीब गाय. पण त्या दिवशी चर्चमध्ये आले ते रबरी हातमोजे चढवूनच. रोग केव्हाच बरा झालाय हे त्यांना तोंडपाठ होतं, हातांना तेवढं पटत नव्हतं. नवसाबाईला ते फार लागलं. सख्ख्या भावाने एका भाऊबीजेला तिच्या ताटात ओवाळणी लांबून फेकली होती. आता देवाच्या माणसानेही तेच करावं?

तिने शेजारच्या सरुबाईला डोळा मारला. पाळकांनी डाव्या पायावर तांब्यातलं पाणी सोडलं मात्र, नवसाबाईने डोळे गच्च मिटून असा टाहो फोडला, की पेटी वाजवणाऱ्या लहानूचा सूरच चुकला.

"अगं आई गं! भाजलं! पाय भाजला माझा!"

पाळकांची गाळण उडाली. त्यांनी मोजे ओरबाडून फेकले, तिचा पाय दोन्ही हातांत धरला आणि लहान पोराला फुंकर घालावी तशी फुंकर घालू लागले. आधी सरुबाई फिस्सकन हसली, मग अख्खं चर्च. पाळकांनी तांब्यात बोटं बुडवली. पाणी गारेगार! आणि या पायांना तर निखाराही कळत नाही, हे त्यांना आत्ता आठवलं. कान लाललाल झाले त्यांचे. पण पाय काही त्यांनी खाली ठेवला नाही.

नवसाबाईला याचा पत्ताच नव्हता. सोंगाच्या नादात तिचे डोळे अजून मिटलेलेच. ती सरुबाईकडे झुकली.

"सरे, लागला का गं हात?"

कानाने अधू म्हातारीची ती कुजबुज शेवटच्या बाकापर्यंत ऐकू गेली. हसणं थांबलं. पेटीही थांबली.

पाळकांनी तो पाय उघड्या हातांनी चोळून धुतला, पुसला आणि मग म्हणाले, "आजी, आता उजवा द्या. आणि या खेपेला डोळे उघडे ठेवा."

नवसाबाईने डोळे उघडले, पाय पुढे केला.

"सावकाश धुवा, साहेब," ती म्हणाली. "मला नीट बघू द्या."